बाटलीतलं लिंबू

अकोल्याच्या बाजारात ती भाजी घेऊन बसायची तेव्हा गिऱ्हाईक तिच्या टोपलीकडे बघायचं आणि ती गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे. "जीभ काढ," म्हणायची. जीभ बघून झाली की हिरड्या, मग खालची पापणी ओढून डोळ्याची आतली बाजू, मग हाताची नखं. एवढं सगळं झाल्यावर विचारायची, "काल काय खाल्लं?" आणि त्याचं उत्तर ऐकून कुठली भाजी द्यायची ते ती ठरवायची. वांगी मागायला आलेला माणूस शेवग्याचा पाला घेऊन घरी जायचा. कोणी कुरकुर केली तर म्हणायची, "वांगं उद्या ने. आज तुले हे पाह्यजे." भर बाजारात तहसीलदारांना तिने तोंड उघडायला लावलं होतं, आणि त्यांनी ते उघडलं होतं. हे मी समोर उभा राहून पाहिलं आहे.

तिला सारे माळीणमाय म्हणत. तिचं खरं नाव मला ठाऊक होतं, पण ते कोणी घेतलेलं तिला आवडत नसे, म्हणून इथेही लिहीत नाही. अंगाने काटक, उंच, पन्नाशी ओलांडलेली. पदराच्या गाठीत कायम चार हिरव्या मिरच्या आणि गुळाचा खडा. चालताना वाटेच्या कडेची पानं तोडून तोंडात टाकायची, चावायची, काहींना मान हलवायची आणि काही थुंकून द्यायची. जेवताना ती बोलत नसे, आणि बोलताना तिला जेवणाखेरीज विषय नसे. मोरणा नदीच्या काठी तिचा मळा होता. नवरा गेल्यापासून तिने तो एकटीने राखला होता. रोज सकाळी मळ्यात शिरल्यावर ती पहिल्यांदा चिमूटभर माती जिभेवर ठेवायची. मी तेव्हा दवाखान्यात कामाला होतो; एकदा विचारलं, काय कळतं त्यातून? म्हणाली, "तुले डाक्टरच्या नळीतून काय कळते?" मग माझी चूक मला कळली आणि मी पुन्हा विचारलं नाही.

ते दिवस कापसाचे होते. साता समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता, आणि वऱ्हाडचा कापूस सोन्यासारखा विकला जात होता. मग काय, ज्वारीच्या वावरात कापूस, तुरीच्या वावरात कापूस, विहिरीकाठच्या वाफ्यांतही कापूस. बैलांच्या शिंगांना पितळी टोपणं आली, बायकांच्या अंगावर नवी लुगडी आली आणि ताटातून भाजी गेली. परमुलखातून आलेला जुना तांदूळ, डाळ, साखर आणि तळण यांवर लोक राहू लागले. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या भाजी पिकायची ती माळ्यांची घरंही सरकी पेरू लागली. मोरणेच्या काठी हिरवा राहिला तो एक माळीणमायचा मळा. तिच्याकडे माणसं यायची, समजावायची, की तूही कापूस लाव, वेडेपणा करू नको. ती मोट हाकणं न थांबवता म्हणायची, "सरकी म्हशीले चारतो मी. माणसाले काय चारू?"

वऱ्हाडातल्या बायका स्वतःविषयी बोलताना 'करतो, जातो' असंच म्हणतात. आमच्या डॉक्टरांना या बोलीची सवय व्हायला दोन महिने लागले.

डॉक्टर मूळचे कोकणातले, मुंबईच्या मोठ्या कॉलेजात शिकलेले. मी सरकारी दवाखान्यात त्यांच्या हाताखाली मलमपट्टी करत असे. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, आणि ते शस्त्र चालवत असतील तेव्हा रोग्याला धरून ठेवायचं, ही माझी कामं. त्यांचा हात फार हलका होता. मोतीबिंदू काढल्यावर म्हातारी माणसं त्यांच्या पायांवर डोकं ठेवायची आणि ते संकोचून मागे सरकायचे. गावोगाव हिंडून त्यांनी शेकडो लेकरांना देवीची लस टोचली होती. दिवसभरात काय पाहिलं ते संध्याकाळी वहीत लिहिल्याशिवाय ते घरी जात नसत. माणूस खरा होता. फक्त कोणी त्यांना अरे-तुरे केलं की त्यांचे कान लाल व्हायचे, आणि माळीणमाय तर देवालाही अरे-तुरे करायची.

नवा डॉक्टर कसा आहे ते बघायला ती एकदा दवाखान्यात आली. बाटल्यांची फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली आणि त्यांच्यापुढे उभी राहून म्हणाली, "तू लोकायले बाटलीतून पाजून राहिला. त्यायच्या ताटात काय हाये ते कधी पाह्यलं का?"

डॉक्टर म्हणाले, "बाई, ताट बघणं हे आचाऱ्याचं काम आहे."

"मंग आचाऱ्यालेच इथं बसव," ती म्हणाली आणि निघून गेली.

डॉक्टरांनी मला विचारलं, ही बाई कोण? मी म्हणालो, भाजी विकते. ते म्हणाले, "ते मला वासावरून कळलं." त्या दिवशी त्यांनी वहीत काही लिहिलं नाही.

मी मात्र लवकरच तिचा झालो. त्याचं कारण घरचं होतं. माझी बायको पहिलटकरीण, सातवा महिना, आणि दिवेलागण झाली की तिला दिसेनासं व्हायचं. दिवसा सगळं ठीक, पण सूर्य टेकला की भिंतीला हात लावत चालायची. एकदा उंबऱ्याला अडखळून पोटावर पडता पडता वाचली. डॉक्टरांनी डोळ्यांत घालायला थेंब दिले, कानामागे फोड आणणारा लेप लावला. फोड आला आणि गेला, दिसणं काही आलं नाही. मी घाबरून माळीणमायकडे गेलो. तिने माझ्या बायकोला बघायलासुद्धा मागितलं नाही.

"काल काय खाल्लं तिनं?"

"वरण-भात."

"परवा?"

"वरण-भात."

"त्याच्या आंधी?"

आम्हा दोघांनाही गावातल्या इतरांसारखा पांढऱ्या भाताचा शौक लागला होता. अकोटला आईच्या घरी आम्ही कधी असे जेवलो नव्हतो.

"हा रोग नाई, बाप्पा," ती म्हणाली. "हे वाण हाये. अंगाले जे पाह्यजे ते भेटून नाई राहिलं. रोगाले औषध लागते. वाण भरून काढा लागते." तिने सांगितलं, बोकडाची कलेजी निखाऱ्यावर भाजून खाऊ घाल, आणि शेवग्याचा कोवळा पाला रोज दोन्ही वेळेला. पाला तिनेच तोडून दिला.

सहाव्या दिवशी मी दवाखान्यातून परत आलो तेव्हा सूर्य बुडाला होता, दिवे लागायचे होते. बायको ओसरीवर बसली होती. मी अंगणाच्या फाटकातून आत शिरलो, आणि ती तिथूनच म्हणाली, "अवं, तुमच्या सदऱ्याची वरची गुंडी तुटली."

मी तिथेच उभा राहिलो. गुंडीला हात लावून बघितला. खरंच तुटली होती. ती म्हणाली, "काहून उभे राहिले? या ना घरात."

दुसऱ्या दिवशी मी हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं, वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या बायकोचे डोळे सुधारले याचा मला आनंद आहे. पण एका रोग्यावरून काही सिद्ध होत नाही. कदाचित आपोआपही बरे झाले असते." हे त्यांचं म्हणणं मला तेव्हा लागलं. आज वाटतं की ते तसे नसते तर पुढचं काही घडलंच नसतं.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, जरी ती नंतरची आहे. माळीणमाय डॉक्टरांच्या विरुद्ध होती असं गावात पुष्कळ जणांना वाटायचं, आणि तिच्या नावावर काही लोक लस टोचून घ्यायलाही नाही म्हणू लागले. तिच्या कानावर ते गेलं तेव्हा ती दोन नातवंडांना काखेत मारून भर बाजारातून दवाखान्यात आली आणि सगळ्यांदेखत त्यांना टोचून घेतलं. पुढे एकदा विळ्याने तिच्या करंगळीला खोल कापलं. बोट सुजलं, काळं पडलं, पू हाडापर्यंत गेला. तिला मानणाऱ्या बायका म्हणत होत्या, माय, तुझ्याकडे इतका पाला आहे, कसला तरी वाटून लाव. ती सरळ आमच्याकडे आली, हात टेबलावर ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाली, "काप."

बायका दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडे वळून तिने सांगितलं, "भाजीनं रक्त बनते. सडलं हाड भाजीनं निघत नाई. ज्याचं काम त्यानं करा." डॉक्टर गुंगीचं औषध रुमालावर ओतू लागले तर तिने तो रुमाल बाजूला सारला. मी तिचा हात धरला होता. ती हूं की चूं न करता डॉक्टरांच्या हाताकडे बघत होती, आणि बोट गेल्यावर म्हणाली, "हात साफ हाये तुहा." डॉक्टरांना पुढे मोठमोठ्या लोकांची शाबासकी मिळाली, पण त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते पुन्हा दिसलं नाही.

आता मुख्य गोष्ट.

कापूस मुंबईला लवकर पोचावा म्हणून आगगाडीचा रस्ता वऱ्हाडात येत होता. मोरणेच्या अलीकडे भराव घालायचं काम चालू होतं. माती वाहणारी माणसं लांबून आणलेली, बायकापोरांसह झोपड्यांत राहणारी. त्यांना शिधा ठरलेला होता, जुना तांदूळ, डाळ, मीठ, वाळलेली लाल मिरची. पोटभर मिळायचं, त्यात लबाडी नव्हती. पण महिने गेले तरी तेच. गावात भाजी मागायला जावं तर भाजीच नव्हती.

होळी झाली आणि त्यांच्यात एक आजार उठला. आधी माणूस थकायचा, टोपलं उचलवायचं नाही. मग हिरड्या सुजून जांभळ्या व्हायच्या, दात हलायचे, तोंडाला घाण सुटायची. पायांवर काळे-निळे डाग उठायचे आणि जुने, कधीच भरून आलेले घाव पुन्हा उघडायचे. मुकादमाने नदीकाठी बांबू आणि गवताची एक लांब पडवी उभी करून आजारी माणसांना तिथे आणून टाकलं. तीसेक माणसं झाली. त्यांतली दोन गेली. डॉक्टर रोज दोनदा जायचे. पारा दिला, रेच दिले, तुरटीच्या गुळण्या दिल्या. काही उतार पडेना. ते जेवेनासे झाले. परतताना वाटेत एकदा मला म्हणाले, "मला एक शंका आली होती. जहाजावरच्या खलाशांना असं होतं, असं पुस्तकात आहे. त्यावर लिंबाचा रस देतात. आपल्या कोठीत विलायतेच्या बाटल्या होत्या, मी दहा दिवस तो रस सगळ्यांना पाजला. काडीचाही फरक नाही. म्हणजे हा तो रोग नव्हे."

त्या पडवीत सोमा नावाचा पंचवीस वर्षांचा जवान होता. वर्षापूर्वी त्याच्या पोटरीवर कुदळ लागून झालेला घाव आता पुन्हा उघडला होता. पाय गुडघ्यात वाकून आखडला होता, पोटरी दगडासारखी कडक, कातडी काळी, घावाला दुर्गंध. काळेपणा रोज वर चढत होता. डॉक्टर म्हणाले, मांडीपर्यंत गेला तर हा वाचत नाही, उद्या सकाळी पाय कापावा लागेल. सोमाची बायको उशाशी बसली होती. तिने त्याच्या पायावर पदर टाकला, जणू थंडी वाजत असावी.

मी तडक मळ्यात गेलो.

माळीणमाय लगेच आली. पडवीच्या दारातूनच तिने नाक वर करून वास घेतला. मग एकेकाची जीभ, हिरड्या, पापणी, नखं बघत या टोकाकडून त्या टोकाकडे गेली. सोमापाशी बसली, घावाकडे न बघता त्याचा ओठ वर केला. मग शिध्याची पोती पाहिली, तांदूळ मुठीत घेऊन हुंगला. डॉक्टर सकाळसाठी हत्यारांची पेटी ठेवायला आलेच होते.

"याचा पाय कापू नको," ती म्हणाली.

"बाई, हे विष वर चढतंय. मी कापलं नाही तर तो मरेल."

"या साऱ्यायले एकच हाये. हे वाण हाये. महिन्याचे महिने एक हिरवं पान यायच्या पोटात गेलं नाई."

"मी लिंबू दिलं," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "दहा दिवस दिलं."

"कुठलं लिंबू?"

मी कोठीतली एक बाटली आणून दिली. तिने बूच काढून वास घेतला, एक थेंब जिभेवर ठेवला आणि थुंकला. "कधीचं हाये हे?"

डॉक्टरांनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. विलायतेहून निघूनच तिला दोन वर्षं होऊन गेली होती.

"हे लिंबू मेलं," ती म्हणाली. "आंबट हाये, पण जीव नाई त्यात. तू यायले मढं पाजलं, डाक्टर."

मला वाटलं आता डॉक्टर तिला हाकलतील. त्यांचे कान लाल झाले. पण ते बाटलीकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू दुसरंच काही तरी झाला. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस लागतील तुम्हाला?"

"आठ."

"आठ दिवस मी देऊ शकत नाही. तीन."

"तीन दिवसांत मुळ्याले पान नाई फुटत. माणसाले कसं फुटंल?"

"पाच," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दौत मागवली, टाक बुडवला आणि सोमाच्या पायावर, काळेपणा जिथे संपत होता तिथून चार बोटं वर, गोल रेघ काढली. "ही रेघ ओलांडली तर मी कापणार. पाच दिवस होवोत न होवोत. तेव्हा मध्ये यायचं नाही."

"नाई येत," माळीणमाय म्हणाली. "घाव तुह्याकडे. पोट माह्याकडे."

डॉक्टरांची आणखी एक इच्छा होती. अर्ध्या लोकांना तिने भाजी द्यावी आणि अर्ध्यांना देऊ नये, म्हणजे फरक नीट कळेल. तिने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी स्वतःच ती गोष्ट सोडून दिली. "पंगतीत बसलेल्याले वाढायचं नाई, हे मले जमत नाई," एवढंच ती म्हणाली.

त्या दुपारी तिने मळा अक्षरशः ओरबाडला. चिवळीची आंबट पानं, मुळ्याचा पाला, सांबार, म्हणजे मुंबईकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात तो, झाडावरची सगळी लिंबं. बियाण्यासाठी राखलेले मुळेसुद्धा तिने उपटले. मी म्हणालो, माय, पुढच्या साली काय पेरशील? ती म्हणाली, "पुढचं साल पाहाले माणसं तं राहू दे." हरभरे तिने भिजत घातले, मोड आणले. सगळं कच्चंच वाटायचं, चुलीवर काही चढवायचं नाही, असा तिचा हुकूम होता. "आगीनं त्याचा जीव जाते." दात हलत होते म्हणून मोड आलेले हरभरे पाट्यावर बारीक करायचे, चिवळ आणि सांबार वाटून ताकात कालवायचं, वर लिंबू पिळायचं. दिवसातून तीनदा. माळ्यांच्या चार बायका मदतीला आल्या. कापूस पेरलेल्या घरांतल्याच होत्या, पण वाफ्यातलं काम हात विसरले नव्हते.

पहिल्या दिवशी लोकांनी तोंडं फिरवली. दुखऱ्या हिरड्यांना लिंबू झोंबत होतं. एक जण तिला शिव्या देऊ लागला. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटाने भरवत राहिली. "दे शिव्या. तोंड उघडं राह्यते तेवढं."

दुसऱ्या दिवशी सोमाचा काळेपणा रेघेपासून दोन बोटांवर आला. तिसऱ्या दिवशी एका बोटावर. मी घाव धुवायचो, डॉक्टर स्वतः पट्टी बांधायचे, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नसू. माळीणमाय पायाकडे ढुंकूनही बघत नव्हती. तिचं लक्ष त्याच्या तोंडाकडे. चौथ्या दिवशी सकाळी काळेपणा रेघेला टेकला होता.

डॉक्टरांनी हत्यारांची पेटी उघडली. सोमाच्या बायकोने ते बघितलं आणि ती उठून उभी राहिली. माळीणमाय आडवी आली नाही. तिने शब्द दिला होता. ती फक्त म्हणाली, "डाक्टर, कापाच्या आंधी याच्या हिरड्या पाह. एकदा पाह."

डॉक्टर वाकले. त्यांनी सोमाचा ओठ वर केला. मी दिवा जवळ धरला. हिरड्या अजून सुजलेल्या होत्या, पण जांभळा रंग उतरून लाल आला होता, आणि बोटाने दाबल्यावर रक्त आलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा दाबलं. नाही आलं. मग ते शेजारच्या माणसाकडे गेले, त्याच्या शेजारच्याकडे गेले, आणि अख्ख्या पडवीभर सगळ्यांचे ओठ वर करत फिरले. पहिल्या दिवशी शिव्या देणारा माणूस उठून बसला होता, स्वतःच्या हाताने हरभरे खात होता.

ते परत आले आणि पेटी बंद केली. "रेघ ओलांडलेली नाही," ते म्हणाले. "रेघेला फक्त टेकला आहे."

पाचव्या दिवशी मी पट्टी सोडली. रेघ आणि काळेपणा यांच्यामध्ये निरोगी कातडीची एक बारीक पट्टी दिसत होती, सुतळीएवढी. मला वाटलं, डोळ्यांना भास होतोय. डॉक्टरांनी अंगठ्याने पोटरी दाबली. दगड मऊ झाला होता. त्यांनी पुन्हा दौत मागवली, खाली सरकलेल्या कडेवर नवी रेघ काढली, आणि त्यानंतर रोज एक काढत गेले. सोमाच्या पायावर खाली खाली उतरत जाणाऱ्या रेघा झाल्या. त्याची बायको त्या मोजायची आणि येईल त्याला दाखवायची. बाराव्या दिवशी सोमाने पाय सरळ केला. पंधराव्या दिवशी तो बायकोच्या खांद्यावर हात ठेवून नदीपर्यंत चालत गेला, आणि सगळी पडवी, ज्यांना उभं राहता येत होतं ते सगळे, त्याच्या मागे चालत गेली. पाण्यात पाय बुडवून उभा राहिल्यावर त्याने माळीणमायला हाक मारली. ती मळ्यात होती. तिला ऐकू गेलं नाही, पण नदीकाठच्या सगळ्या बायकांनी ती हाक पुढे पुढे नेली आणि मळ्यापर्यंत पोचवली.

त्यानंतर पडवीत एकही माणूस दगावला नाही. एकही नाही.

डॉक्टरांनी हे सगळं लिहून अमरावतीला आपल्या वरच्या साहेबाकडे पाठवलं. लिहिताना त्यांनी काहीच लपवलं नाही. बाटलीतल्या रसाची चूक, पाय कापायचा आपला बेत, आणि भाजी विकणाऱ्या एका बाईने दिलेली पाच दिवसांची पथ्याची चिकित्सा. मला वाचून दाखवून त्यांनी विचारलं, "काही राहिलं का?" मी म्हणालो, नाही. अमरावतीहून हुकूम आला. बडनेऱ्यापर्यंतच्या भरावावर जितक्या वस्त्या होत्या त्या सगळ्यांच्या शिध्यात ताजी भाजी, लिंबू आणि मोडाचे हरभरे घातले गेले. माझ्या भावाने अकोटहून मेथीचं आणि मुळ्याचं बी पाठवलं. माळीणमाय पंधरा दिवस बैलगाडीतून हिंडली आणि प्रत्येक वस्तीवर पाण्याजवळ वाफे पाडून आली. त्या वर्षी गावातल्या तीन माळ्यांनी विहिरीकाठचा कापूस मोडून पुन्हा भाजी लावली.

हुकूम आल्यावर साहेब स्वतः तपासणीला आले. पडवी बघायची होती त्यांना. डॉक्टर त्यांना नदीकाठी घेऊन गेले. पडवी रिकामी होती. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांना वाटलं, आजाऱ्यांना लपवलंय. त्यांनी मुकादमाला विचारलं, "इथली माणसं कुठे आहेत?"

मुकादमाने भरावाकडे हात केला. उन्हात माणसांची लांब रांग चालली होती, डोक्यावर मातीची टोपली घेऊन, चढणीवरून वर. सोमा मध्यावर होता आणि मागच्याला काही तरी सांगून हसत होता.

आठवड्याभरात पडवी मोडली. गवत कोणी कोणी नेलं. बांबू माळीणमायने मागून घेतले. मी आणि डॉक्टर दवाखान्यातून परतताना मळ्यावरून गेलो तर ती ते बांबू वाफ्यांवर उभे रोवत होती, कारल्याच्या वेलांना मांडव करायला. वेल नुकते हातभर झाले होते, टोकं हवेत चाचपडत होती. डॉक्टर बांधावर उभे राहून बघत होते. तिने मान वर केली.

"काय उभा राहिला? सुतळी धर."

डॉक्टरांनी अंगातला कोट काढून माझ्या हातात दिला, बाह्या वर सारल्या आणि वाफ्यात उतरून सुतळीचं टोक धरलं.